ते वेळेवर वळले होते

काका गाडी फार हळू चालवत. ह्यूस्टनच्या हायवेवर मागचे ट्रकवाले भोंगे वाजवत, शिव्या हासडत पुढे निघून जात आणि काका खिडकीतून हात बाहेर काढून प्रत्येकाला सावकाश टाटा करत.

"माझी सगळी घाई कामावर संपते," ते म्हणत. "घरी न्यायला उरत नाही."

त्यांचं काम म्हणजे रोडिओतल्या विदूषकाचं. ज्यांनी रोडिओ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेक्सासमध्ये पोरं उधळलेल्या बैलाच्या पाठीवर बसतात आणि काही सेकंद टिकायचा प्रयत्न करतात. बहुतेक जण पडतात. पडलेल्या माणसाकडे बैल वळतो, आणि त्या क्षणी ढगळ पँट घातलेला, तोंड रंगवलेला एक माणूस मधे धावत येतो, हातवारे करतो, बैलाचं लक्ष स्वतःकडे ओढून घेतो. तेवढ्यात स्वार कुंपणावर चढतो. लोकांना वाटतं हा माणूस हसवायला ठेवलाय. हसवतोही तो, दोन स्वारांच्या मधल्या वेळात. बाकीचा वेळ तो बैलापुढे असतो.

ते माझे कुणी काका नव्हते. गोरे, किडकिडीत, पन्नाशी उलटलेले टेक्सन गृहस्थ. माझ्या बायकोनं पहिल्याच भेटीत ठरवलं की एवढ्या मोठ्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. मुलगी तेव्हा दुसरीत होती. संकटात काका रिंगणातल्या ज्या पिंपात उडी मारत त्या पिंपावरून ती त्यांना 'बॅरल काका' म्हणायला लागली. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्या गावात ते नाव एका चुकीच्या गोष्टीला चिकटलेलं आहे, आणि ती गोष्ट तशी राहिली ती माझ्यामुळे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तेलाचे भाव पडले आणि ह्यूस्टनमधले इंजिनिअर घाऊक घरी बसले. मीही बसलो. ह्यूस्टनलगतच्या शुगर लँडमधलं नवं घर, बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला, आणि मी सकाळी टाय बांधून नेहमीच्या वेळी गाडी काढायचो, कारण शेजारच्या गल्लीत आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष राहत. कुणी विचारलं तर सांगायचं, "कन्सल्टिंग करतोय." त्या वर्षी शुगर लँडमध्ये इतके मराठी कन्सल्टंट झाले होते की सल्ला घ्यायला कुणी उरलंच नसावं.

असाच भटकत मी तासाभराच्या अंतरावरच्या एका छोट्या गावात पोचलो. तिथे शनिवारी दुपारी रोडिओ होई. जागेच्या मालकाला माणूस हवा होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गुराढोरांची सवय आहे?"

"लहानपणी घरी बैल होते," मी म्हटलं. हे खरं होतं. वर्ध्याकडचं आमचं गाव.

त्यानं मला रिंगणातून बैल बाहेर न्यायच्या फाटकावर उभं केलं. बैलाचं काम संपलं की मी दोरी ओढायची, फाटक उघडायचं, बैल पलीकडच्या गोठ्यात गेला की बंद करायचं. बस, एवढंच.

पहिल्या दिवशी फाटकाशी एक करडा बैल उभा होता. त्याच्या खांद्यावर हे एवढं वशिंड! मी बघतच राहिलो. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय रे, ओळखीचा आहे का?"

"आमच्याकडचा आहे," मी म्हटलं. "याचे पणजोबा माझ्या देशातून आलेत."

तोंडाला अर्धाच रंग लागलेला तो माणूस माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "मग त्याला तुमच्या भाषेत सांग की माझ्याशी जरा जपून वाग."

मी म्हटलं, "हो राजा, हो. थांब रे." बैलानं कान हलवला. माशी बसली असेल. पण काकांनी लगेच माझ्याकडून ते शब्द घोटून घेतले, आणि पुढच्या शनिवारपासून टेक्सासच्या त्या रिंगणात, धुळीत, "हो राजा, हो!" अशी आरोळी ऐकू यायला लागली. प्रेक्षकांना वाटे काका काहीतरी बरळताहेत. ते आणखी हसत.

बैलांना ते एरवी 'सर' म्हणत. "गुड आफ्टरनून, सर." मालकाला मात्र नावानं हाक. ढगळ पँटला जागोजागी ठिगळं, पण तिला रोज इस्त्री करत, कडक घडी पाडत. कामाच्या दिवशी काही खात नसत. काम झालं की ट्रकच्या पायरीवर बसून टिनच्या डब्यातली पीचची फळं काट्यानं एकेक करून खात, शेवटी डबा तोंडाला लावून पाक पीत. कुठल्याही खोलीत शिरले की आधी बाहेर पडायच्या वाटा बघत. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, दाराशी बसत. "देवावर विश्वास आहे," म्हणायचे, "पण दार कुठे आहे ते माहीत असलेलं बरं."

एकदा मी त्यांना विचारलं, माझ्याही तोंडाला रंग लावाल का? खरं कारण सांगितलं नाही. शुगर लँडचे लोक भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन कधीकधी रोडिओ बघायला जात, आणि मला भीती वाटे. काकांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं.

"हा रंग लपायला नसतो, इंजिनिअर. पोरगा पडतो तेव्हा त्याच्या डोळ्यात धूळ असते. त्याला लांबून दिसायला हवं की मी कुठे आहे."

आणि रंग लावून दिला नाही.

आमच्या घरी जेवायला आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. दारात बूट काढले. आत आल्यावर स्वयंपाकघराचं दार, मागचं दार, दोन्ही नजरेत घेतली आणि मग बसले. पोळा जवळ आला होता म्हणून बायकोनं पुरणपोळी केली होती. पोळा म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगत गेलो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तेल-हळदीनं मळायचे. पोळ्याला त्यांना अंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल, पुरणपोळीचा घास. त्या दिवशी बैलाकडून काम घ्यायचं नाही, त्याला चाबूक लावायचा नाही.

काकांनी हातातला घास खाली ठेवला. "वर्षात एक दिवस तुम्ही त्याची माफी मागता?"

"माफी असं नाही..."

"मग काय?"

मुलगी म्हणाली, "इट्स लाइक हिज बर्थडे, बॅरल काका."

"आपण करू," काका म्हणाले. "त्या करड्या साहेबांचा करू." मग बायकोकडे वळून म्हणाले, "मॅम, त्यांना अशा किती पोळ्या लागतील?"

"तुम्ही आधी तुमची संपवा," बायको म्हणाली.

तो पोळा राहूनच गेला. शनिवारी खेळ होता.

आता निवेदकाबद्दल सांगायला हवं. रिंगणाच्या एका टोकाला लाकडी मचाण होतं. त्यावर माईक घेऊन एक जाडजूड आवाजाचा माणूस बसे. काकांचा जुना मित्र. तो वरून प्रश्न विचारी, काका खालून ओरडून उत्तर देत. दर शनिवारी तेच प्रश्न, तीच उत्तरं, आणि लोक दर शनिवारी हसत. त्यातला एक ठरलेला होता. निवेदक विचारी, "आज तुझी आई आली आहे का बघायला?" काका टोपी काढून प्रेक्षकांत शोधल्यासारखं करत आणि म्हणत, "आलीय ना! पण ती बैलाकडून आहे."

मी सांभाळत होतो ते फाटक बरोबर त्या मचाणाखाली होतं. शेजारी एक पांढरा रंगवलेला खांब. बैल बाहेर काढायची काकांची पद्धत ठरलेली. ते कधी सरळ पळत नसत. सरळ रेषेत बैल माणसाला गाठतोच. ते गोल पळत, बैलाला मागे घेऊन त्या पांढऱ्या खांबापाशी येत आणि तिथे एका पायावर वळून बाजूला होत. बैल आपल्याच वेगात सरळ उघड्या फाटकातून आत जाई. यासाठी काका खांबाशी पोचायच्या आधी फाटक उघडलेलं हवं. ते फाटकाकडे बघत नसत. मी आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

त्या शनिवारी करडा बैल होता. पोरगा पडला, काका मधे गेले, पोरगा कुंपणावर चढला. काकांनी बैलाला गोल घेतलं. मी दोरी हातात घेतली आणि समोर पाहिलं. पहिल्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष, त्यांची बायको, आणि नऊवारीतल्या त्यांच्या आई. आजी माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी मुलाच्या दंडाला हात लावला.

मी खाली बसलो. पांढऱ्या खांबामागे, दोरी सोडून, माझी टोपी डोळ्यांवर ओढून.

वर माईकवर काहीतरी प्रश्न ऐकू आला. मग फाटकावर धक्का बसला. मी उठून दोरी ओढली, पण तोवर काका बंद फाटक आणि बैल यांच्या मधे सापडले होते. फाटक उघडताच बैल त्यांना ओलांडून आत गेला, जसा रोज जाई तसा.

त्यांचं कंबरेचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये फुलं घेऊन उभा असतानाच मालक आला. त्यानं विचारलं, काय झालं नेमकं?

"मी लवकर वळलो," काका म्हणाले. "फाटक उघडायच्या आधीच. वय झालं."

मालकानं मान हलवली. त्यालाही तसंच वाटत होतं. सगळ्यांनाच तसं वाटत होतं. लोक बैलाकडे बघत होते, फाटकाकडे कोण बघणार? मालक गेल्यावर काकांनी मला जवळ बोलावलं.

"कोण होते ते?"

"कोण?"

"ज्यांना बघून तू खाली बसलास ते."

"आमच्याकडचे. ओळखीचे."

"भांडण आहे?"

"नाही. मित्रच आहेत."

त्यांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग हात हलवायचास, इंजिनिअर."

मी म्हटलं, मी आत्ता जाऊन मालकाला खरं सांगतो. ते रागावले. त्यांना रागावलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं. "आणि तो तुला काढील. माझी कंबर जोडून देणार आहे का तो? दोघांपैकी एकाची नोकरी गेली ती पुरे. घरी पोरगी आहे ना?"

तेव्हा मी ऐकलं. ते ऐकणं सोयीचं होतं. पण पुढच्या उन्हाळ्याआधी मला पुन्हा चांगली नोकरी लागली, टाय खरा झाला, आणि मग गप्प राहायला काही कारण उरलं नव्हतं. तरी मी गप्प राहिलो. विदूषकाकडे असतं काय? त्याचं टायमिंग. त्या गावात लोक आदरानं, हळहळून म्हणत की म्हाताऱ्यानं वेळीच थांबायला हवं होतं, शेवटी शेवटी त्याला अंदाज राहिला नव्हता. आणि आमच्या मंडळात अध्यक्ष दर पार्टीत तो प्रसंग करून दाखवत. हातात ताट घेऊन गोल पळत, सोफ्यावर आपटत. "फाटक बंद आणि हा वळला की हो! आमची आई तर म्हणत होती, तिथे कुणीतरी आपल्यातलं दिसलं म्हणून. चष्मा बदलायला हवा तिचा!" सगळे हसत. मीही हसे. बायको उठून आत जाई आणि नळ मोठा सोडून भांडी घासत राही.

काकांकडे आम्ही जात राहिलो. त्यांनी तो करडा बैल मालकाकडून मागून घेतला होता, कारण मालक त्याला कसायाकडे पाठवायला निघाला होता. "साहेबांची काय चूक? त्यांना रोज उघडं दिसायचं, त्या दिवशी बंद दिसलं." पुढच्या श्रावणी अमावास्येला बायकोनं पुरणपोळ्यांचा डबा भरला आणि आम्ही त्यांच्या कुरणावर गेलो. उकाडा मरणाचा. रिंगणाबाहेर तो बैल गाईसारखा गरीब होता. कठड्याच्या आडून मी त्याच्या वशिंडाला तेल-हळद चोळली. बापाच्या हाताची आठवण माझ्या हाताला होती. काका वॉकर ढकलत आत गेले आणि त्यांचा रंगाचा डबा घेऊन आले. पांढरा, लाल. आता त्यांना त्याचा उपयोग नव्हता. एका हातानं कठडा धरून त्यांनी बैलाची दोन्ही शिंगं रंगवली, जितक्या काळजीनं ते स्वतःचं तोंड रंगवत तितक्याच. मुलीनं पोळी पुढे केली. बैलानं एका घासात संपवली.

"सर म्हणताहेत, तूप कमी आहे," काका म्हणाले.

बायको खूप हसली. मला त्या वेळी वाटलं, बोलावं. म्हणावं की मी गावात जाऊन सांगतो. काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्यांना कळलं, कारण त्यांनी रंगाच्या डब्याचं झाकण लावून माझ्या हातात दिलं आणि आत ठेवून यायला सांगितलं. मी ठेवून आलो.

काही वर्षांनी काका गेले. चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर, दाराशी बसलो. निवेदक बोलायला उभा राहिला. माईकशिवाय त्याचा आवाज लहान वाटत होता. म्हणाला, "हा माणूस आयुष्यात एकदाच चुकीच्या वेळी वळला." पुढे त्याला बोलता येईना. मला वाटलं, मित्र गेल्याचं दुःख. मी उभं राहून दोन वाक्यं बोलायला हवी होती. मी दार कुठे आहे ते बघत बसलो.

गेल्या वर्षी माझी बायको गेली. आजारपणात एकदा पाणी पाजत होतो तेव्हा म्हणाली, "अहो, त्या पिंपातल्या काकांचं तेवढं करून टाका." आणि डोळे मिटले. झोपली होती, पण त्यानंतर तो विषय तिनं काढला नाही.

मी मुलीला सगळं सांगितलं. तिची मुलं आता कॉलेजात आहेत. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, व्हाय आर यू टेलिंग मी? आय वॉज ऑलवेज ऑन हिज साइड." थोड्या वेळानं, "तिथलं कोण आहे अजून?"

"निवेदक असेल. असला तर."

"चला. मी ड्राइव्ह करते."

तो होता. ऐंशीच्या पुढचा, दृष्टी जवळजवळ गेलेली, डोक्यावर हॅट, अंगणाकडे तोंड करून व्हरांड्यात बसलेला. मी कोण ते सांगितलं. "फाटकवाला," तो म्हणाला. मी सांगितलं ते त्यानं ऐकलं. मग एकेक करून विचारायला लागला.

"फाटक बंद होतं?"

"हो."

"तू?"

"खांबामागे. खाली बसलो होतो."

"तो कुठे वळला?"

"पांढऱ्या खांबाशी. रोज वळायचे तिथेच."

"म्हणजे वेळेवर."

"वेळेवर."

त्यानं हॅट काढून मांडीवर ठेवली. समोरच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"मी तो प्रश्न लवकर विचारला," तो म्हणाला. "आईचा. पोरगा नुकताच कुंपणावर चढला होता, लोक एकदम चिडीचूप झाले होते. मला ती शांतता सहन होईना. बैल आत जाईपर्यंत थांबायला हवं होतं. मी इतकी वर्षं हेच समजत होतो की मला उत्तर द्यायला तो लवकर वळला."

मला हे माहीत नव्हतं. मी समजत होतो की माझं गप्प बसणं एका मेलेल्या माणसाच्याच नावावर जमा आहे; ते या जिवंत माणसाच्याही नावावर होतं.

"त्यानंतर मी तो प्रश्न कुणालाच विचारला नाही," तो म्हणाला. "दुसरे विदूषक आले. म्हणायचे, तो आईचा घेऊ या. मी नाही म्हणायचो."

मी माफी मागितली. त्यानं हात हलवला. त्या हलवण्याचा अर्थ मी लावणार नाही. मुलीनं मला उठायची खूण केली. मी पायरीपर्यंत गेलो असेन, तेवढ्यात मागून तो जाडजूड आवाज आला. थकलेला होता, पण मैदानभर पोचेल असा.

"आज तुझी आई आली आहे का बघायला?"

मी वळलो. टोपी काढली, आणि रिकाम्या अंगणावर सावकाश नजर फिरवली, काका फिरवत तशी.

"आलीय ना," मी म्हटलं. "पण ती बैलाकडून आहे."